रिकामे आसन, पसरलेले फणे

पवनीचा सगळ्यात देखणा खांब पाहायला दिल्लीला जावे लागते. भंडारा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव वैनगंगेच्या काठावर वसले आहे. तिथली जगन्नाथ टेकडी १९६९-७० साली खणली गेली, तेव्हा मातीखालून विटांचा एक प्रचंड स्तूप आणि त्याच्या भोवतालच्या दगडी कठड्याचे खांब निघाले. त्यांतला एक आज जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वालुकाश्माचा, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला. त्यावर एक झाड कोरले आहे, झाडाखाली आसन, आसनावर छत्र धरावे तसे फणे उभारलेला नाग आणि त्या नागाचे ब्राह्मी अक्षरांत लिहिलेले नाव: मुचलिंद. आसनावर कोणी बसलेले नाही.

प्राचीन भारतीय शिल्पांत मला हा खांब फार वरच्या जागी ठेवावासा वाटतो. तो भंडाऱ्याचा आहे म्हणून माझा जीव त्याच्यात गुंतला आहे, हे खरेच. पण त्या आपलेपणाच्या पलीकडेही त्याच्यात सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते नीट कळायचे असेल तर एक गोष्ट आधी मनात धरावी लागते. संग्रहालयात हा खांब भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखा समोरून दिसतो, आपणही त्याच्यापुढे थांबतो, वाचतो, पुढे जातो. पवनीत मात्र तो शेकडो वर्षे चालत्या माणसांनी पाहिला. स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या वाटेवर तो उभा होता, आणि त्याची सगळी रचना त्या चालण्याला धरून झालेली आहे. आज पाहणाऱ्याने त्याला मनातल्या मनात पुन्हा कठड्यात बसवले की मग तो बोलू लागतो.

आधी समोरची बाजू पाहू. कोरीव काम उथळ आहे. आकृत्या दगडातून सुटून पुढे येत नाहीत, पृष्ठभागाशी लगटूनच राहतात. सांचीच्या तोरणांवरची गर्दी, हत्ती, घोडे, वाद्ये, सज्जातून डोकावणाऱ्या बाया, यातले इथे काही नाही. शिल्पकाराने मोजक्याच गोष्टी घेतल्या आणि त्या एकाखाली एक अशा उभ्या रेषेत मांडल्या. खांब अरुंद, म्हणून रचना उभी. झाडाची नजर खाली, आसनाची नजर वर, आणि दोघांच्या मधोमध नाग. डोळा वरून खाली आला काय किंवा खालून वर गेला काय, त्याला नागाच्या फण्यांपाशी थबकावेच लागते. एवढ्या कमी सामग्रीत एवढा नेमका तोल साधायला हात फार मुरलेला लागतो.

कथा बौद्ध परंपरेत सर्वांना ठाऊक असलेली. बोधी प्राप्त झाल्यावर बुद्ध काही आठवडे त्याच परिसरात वेगवेगळ्या झाडांखाली ध्यानस्थ बसले. मुचलिंद नावाच्या झाडाखाली बसलेले असताना आभाळ भरून आले. ऋतू नसताना आलेला पाऊस होता तो, सात दिवस झोडपणारा, गार वाऱ्याचा. तेव्हा त्या झाडाशी राहणारा नागराज बिळातून बाहेर आला, त्याने बुद्धांच्या देहाभोवती सात वेटोळे घातले आणि मस्तकावर आपला फणा धरला. थंडी बाधू नये, ऊन बाधू नये, डास-माश्या शिवू नयेत. सात दिवसांनी आभाळ निवळले. नागाने वेटोळे सोडवले, तरुणाचे रूप घेतले आणि हात जोडून समोर उभा राहिला.

आता शिल्पकाराची अडचण पाहा. कथेचा सगळा जीव त्या विळख्यात आहे. नाग बुद्धांच्या देहाला वेढतो, त्यांना आपल्या अंगाची ऊब देतो. पण ज्या काळात हा खांब घडला, त्या काळी बुद्धांची मानवी मूर्ती कोरण्याचा प्रघात नव्हता. बोधिवृक्ष, धर्मचक्र, पाउले, स्तूप, रिकामे आसन, या खुणांनीच त्यांचे असणे सुचवले जाई. म्हणजे वेढायला देहच नाही. ज्याचे रक्षण करायचे तो दाखवायचा नाही, आणि रक्षण तर दाखवायचे. भारहूतच्या शिल्पकारापुढेही हाच प्रश्न होता. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांना १८७३ साली सापडलेल्या त्या स्तूपाच्या कठड्यावरही मुचलिंद आहे आणि तिथेही त्याचे नाव कोरले आहे. पुढे अनेक शतकांनी कंबोडियात ख्मेर शिल्पकारांनी हीच कथा घेतली तेव्हा बुद्ध प्रत्यक्ष नागाच्या वेटोळ्यांवर बसलेले दाखवले. तिथे अडचणच उरली नव्हती. ती ख्मेर शिल्पे भव्य आहेत, त्यांतल्या बुद्धांच्या मिटल्या पापण्यांची शांतता विसरता येत नाही. तरीही मला पवनीचा खांब अधिक खोल वाटतो, आणि त्याचे कारण ती अडचणच आहे.

कारण आसन रिकामे असल्यामुळे सगळा भार नागावर येतो. मूर्ती असती तर आपण मूर्तीकडे पाहिले असते, नाग तिच्या मागची प्रभावळ झाला असता. इथे आसनावर पाहण्यासारखे काही नाही, म्हणून आपण नागाचे वागणे पाहतो. तो कोणासाठी फणे उभारून आहे, हे त्याच्या फण्यांच्या रोखावरून आपल्याला उमगते. आई झोपलेल्या लेकरावर पदर धरते तेव्हा लेकरू दिसले नाही तरी पदराच्या बाकावरून ते तिथे आहे हे कळते, तसे. समोर नसलेल्याची जागा त्याची काळजी घेणाऱ्याच्या हालचालीतून भरून निघते. दगडात हे साधणे सोपे नाही. मला तर वाटते, बुद्धांचे रूप न दाखवण्याच्या त्या संकेतातून जी उत्तम शिल्पे जन्मली त्यांत हे अगदी पहिल्या रांगेत बसावे.

शिवाय पूर्व विदर्भातल्या पाहणाऱ्याला या नागाची ओळख करून द्यावी लागत नाही. हा धानाचा मुलूख आहे. पावसाळ्यात बांध्या भरल्या, रोवणी सुरू झाली, की धुऱ्यावर नाग दिसणे ही नवलाची गोष्ट राहत नाही. पाणी बिळात शिरले की तो उंच कोरडी जागा शोधत वर येतो. नागपंचमीला त्याची पूजा होते ती भीतीपोटी होते तशीच शेजारधर्मानेही होते. पवनीच्या शिल्पकाराने बिहारातली कथा कोरली, पण पावसात बिळाबाहेर आलेला नाग त्याने ऐकून नव्हे, पाहून कोरला असणार. त्याच्या फण्यांत जो ताठा आहे तो डिवचलेल्या नागाचा नाही. सावध आहे, हलायचे नाही असे ठरवून उभा आहे. दिल्लीतल्या दालनात मी या फण्यांकडे पाहत राहिलो ते या ताठ्यासाठी.

आता खांबाच्या बाजूला जाऊ. बहुतेक पाहणारे इथे येत नाहीत, आणि संग्रहालयातल्या कठड्याच्या खांबांची अर्धी गोष्ट तर बाजूलाच असते. स्तूपाभोवतीच्या अशा कठड्याला वेदिका म्हणत. तिचे उभे खांब म्हणजे स्तंभ, दोन स्तंभांना जोडणाऱ्या आडव्या दगडी पट्ट्या म्हणजे सूची आणि सगळ्यांच्या माथ्यावरून जाणारा जाड दगड म्हणजे उष्णीष. सूची मधोमध फुगीर आणि कडांना निमुळत्या, भिंगासारख्या. त्या बसाव्यात म्हणून प्रत्येक स्तंभाच्या दोन्ही बाजूंना त्याच आकाराच्या खाचा पाडलेल्या असतात. चुना नाही, सळई नाही, दगडात दगड अडकवून सगळा कठडा उभा. मुळात हे काम लाकडाचे. सुताराने शेताच्या किंवा वाड्याच्या कुंपणाला जसे जोड द्यावेत, तसेच्या तसे पाथरवटाने दगडात उतरवले. त्या खाचेत बोट घालून पाहण्याची सोय संग्रहालयात नसते आणि नसावीच. पण नजरेने तरी ती खाच चाचपून पाहावी. तिच्या कडा पाहिल्या की छिन्नी कोणत्या बाजूने चालली, दगड किती काळजीने खोदला, हे कळते. मागची बाजू कोणाला दिसणार नाही म्हणून कामात हयगय झालेली नाही.

या खाचा आपल्याला आणखी एक गोष्ट सांगतात. हा खांब एकटा नव्हता. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला दुसरे खांब होते, त्यांच्यापुढे आणखी, आणि ती रांग वळत वळत स्तूपाला वेढा घालून पुन्हा स्वतःला येऊन मिळत होती. स्तूपाचा व्यास सुमारे चाळीस मीटर. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा छत्तीस मीटरांहून थोडा अधिक आहे, हे आठवले म्हणजे पवनीच्या कामाचा आवाका ध्यानात येतो. कठडा आणि स्तूप यांच्यामध्ये फरसबंद वाट, आणि त्या वाटेने स्तूप उजव्या हाताला ठेवून चालणारी माणसे. चालताना एक खांब जातो, दुसरा येतो. कुठे पूर्ण उमललेले कमळ, कुठे अर्धे. कुठे नुसता घोटीव दगड. मग एकाएकी झाड, नाग आणि रिकामे आसन. चालणाऱ्याच्या उजव्या हाताला ज्यांच्या स्मरणार्थ स्तूप उभा आहे ते बुद्ध दिसत नाहीत, डाव्या हाताला आसनावरही दिसत नाहीत. आणि तो मात्र त्यांच्याच भोवती फिरतो आहे. नागाने वेटोळे घातले, माणूस प्रदक्षिणा घालतो. आसनाभोवतीची नागाची कथा आणि स्तूपाभोवतीची माणसाची पाउले यांचे असे जुळणे शिल्पकाराने मुद्दाम योजले असेल किंवा नसेल. प्रदक्षिणेच्या वाटेवर ही कथा ठेवली की ते जुळतेच.

या वाटेवरचे दुसरे धन म्हणजे नावे. पवनीच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत छोटे छोटे लेख आहेत. बहुतेक दानलेख. अमक्याचे दान, तमकीचे दान. राजाने कोठाराचे दार उघडले आणि स्तूप उभा राहिला असे या लेखांवरून दिसत नाही. एक खांब एकाने दिला, एक सूची दुसरीने, आणि ज्याने जे दिले त्यावर त्याचे नाव राहिले. माझ्या मते पवनीचे खरे काव्य या लेखांत आहे.

त्यांतल्या एका लेखात नाग नावाच्या माणसाला एक बिरुद लावलेले आहे. त्याचा अर्थ पाच निकाय जाणणारा. दीघ, मज्झिम, संयुत्त, अंगुत्तर आणि खुद्दक हे ते बुद्धवचनांचे पाच संग्रह. हेच बिरुद भारहूत आणि सांचीच्या लेखांतही आढळते, त्यामुळे अभ्यासकांच्या लेखी पवनीचा हा चिमुकला लेख मोलाचा ठरला. ही वचने पाच संग्रहांत कधी लावली गेली या वादात तो साक्षीदार म्हणून उभा राहतो. परंपरा सांगते की सिंहलद्वीपात हे संग्रह प्रथम लिहून काढले गेले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. म्हणजे ज्या काळात वैनगंगेकाठी हा नाग राहत होता, त्या काळी हे सगळे वाङ्मय पाठांतरावर तगून होते. एखाद्याने एक संग्रह मुखोद्गत करावा, दुसऱ्याने दुसरा. पाचही ज्याच्या जिभेवर आहेत असा माणूस पवनीला होता, आणि त्याची ती विद्या गावाला एवढी मोलाची वाटत होती की दगडावर त्याच्या नावाला ती जोडली गेली. आपल्याकडे गाथा पाठ असलेल्या वारकऱ्याला जो मान मिळतो, त्याची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

दुसरा लेख विसमिता नावाच्या बाईचा. दान तिचे, आणि त्यापुढे एक इच्छा: ते सर्व सत्त्वांच्या सुखासाठी असो. आपले पुण्य सगळ्या जीवांना वाटून टाकण्याचा विचार महायान पंथाबरोबर पुढे आला असे पुष्कळ दिवस मानले जात होते. पवनीच्या या लेखाने त्या समजुतीला धक्का दिला. महायानाचे नावही ऐकू येत नव्हते त्या काळात भंडाऱ्यातल्या एका बाईने आपल्या दगडावर हे लिहवून घेतले होते. तिने आपले कुळ सांगितले नाही, आपल्यासाठी संतती किंवा संपत्ती मागितली नाही, सुखही आपल्यापुरते मागितले नाही. एवढ्याशा लेखात किती मावते पाहा! धर्माच्या इतिहासाची मोठमोठी पुस्तके ज्या मुद्द्यावर अडखळतात, तिथे या बाईचा दगड पुरावा म्हणून उभा राहतो. या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तिचे नाव असावे असे मला मनापासून वाटते.

हे लेख वाचताना एक युक्ती उपयोगी पडते. उथळ खोदलेली ब्राह्मी अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत. दिसतो तो नुसता खरबरीत दगड. थोडे बाजूला सरकून, उजेड तिरका पडेल असे उभे राहिले की अक्षरांच्या एका कडेला सावली साचते आणि ओळ वर येते. साधा उभा दांडा आणि त्याला एक आडवी रेघ म्हणजे ‘क’, अधिकच्या चिन्हासारखा. ‘ग’ घराच्या छपरासारखा. ‘न’ म्हणजे उभा दांडा आणि तळाला आडवी रेघ. एवढी तीन अक्षरे ओळखू येऊ लागली की नाग शब्द हुडकता येतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे नाव आपल्या डोळ्यांनी वाचल्याचा आनंद शाळकरी पोरालाही मिळतो. कोणत्याही माहितीफलकाने तो मिळणार नाही.

पवनीला आज गेले तर ही टेकडी गावालगतच आहे. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत यावे. वाटेत भिवापुरी मिरचीचा मुलूख लागतो, मग करांडल्याचे जंगल आणि पुढे पवनी. गावात शिरण्यापूर्वीच जुन्या तटबंदीचा मातीचा उंच बांध आणि त्याच्या पायथ्याचा खंदक दिसू लागतो. एका बाजूला नदी, उरलेल्या बाजूंना हा मातीचा तट. एवढा मोठा तट ज्या नगराला लागला ते नगर केवढे असेल, हे त्याच्यावर चढून पाहिल्यावरच समजते. आत आजचे गाव नांदते आहे. मंदिरांची एवढी दाटी की विदर्भाची काशी म्हणतात. वैजेश्वराचा घाट, पंचमुखी गणपती, कोष्ट्यांचे माग, आठवड्याचा बाजार. वरच्या अंगाला वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले आहे.

स्तूपाच्या जागी पुढे जगन्नाथाचे देऊळ झाले आणि टेकडीला त्याचे नाव पडले. पवनीत स्तूप एवढा एकच नव्हता. दुसऱ्या स्तूपाच्या टेकडीला लोक सुलेमान टेकडी म्हणतात, तिसरी हरदोलाला टेकडी. खाली काय आहे हे विसरले तरी या उंचवट्यांवर पाय जपून ठेवायचा, तिथे काहीतरी पवित्र आहे, एवढी जाणीव गावाने टिकवली, आणि प्रत्येक काळातल्या माणसांनी आपापल्या देवाला किंवा सत्पुरुषाला तिथे जागा दिली. टेकड्या नांगराखाली गेल्या नाहीत त्याचे थोडे तरी श्रेय या नावांना द्यायला हवे.

उत्खनन नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केले. शांताराम भालचंद्र देव आणि जगत्पती जोशी ही त्यामागची दोन नावे. जोशी म्हणजे कच्छमधले धोलावीरा शोधून काढणारे जोशी. देव पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. पवनीचा त्यांचा अहवाल १९७२ साली निघाला. १९९४ साली अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा इथे खणले. या सगळ्यांतून निघालेल्या वस्तू नागपूर आणि दिल्ली अशा विखुरल्या आहेत. अभ्यासासाठी ते आवश्यकच होते, सुरक्षिततेसाठीही. पण त्यामुळे पवनीचा पोर टेकडीवर खेळतो आणि खांब पाहत नाही, आणि दिल्लीत खांब पाहणाऱ्याला टेकडी ठाऊक नसते.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय हा या दोहोंमधला मुक्काम. १८६३ साली सुरू झालेली ही संस्था सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत लोक तिला अजब बंगला म्हणतात. खेड्यातून आलेली माणसे पेंढा भरलेले वाघ, पक्षी, तलवारी, गोंडांचे दागिने पाहत हिंडतात. जुन्या मूर्तींच्या आणि शिलालेखांच्या दालनात पाय बहुधा झपझप पडतात. तिथेच थोडे रेंगाळले पाहिजे, कारण पूर्व विदर्भाच्या इतिहासातली माणसे तिथे भेटतात.

पवनीने दिलेली माणसे तर किती तऱ्हेची! महाक्षत्रप रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ पवनीला सापडला. शक क्षत्रपांची सत्ता आपण गुजरात-माळव्याकडची म्हणून शिकतो, आणि इथे वैनगंगेच्या काठी त्यांच्यातल्या एकाचा स्मृतिस्तंभ. भार वंशातल्या भगदत्त राजाचा लेख असलेला पादुकांचा पट्टही इथलाच. त्याचे वाचन वासुदेव विष्णू मिराशी यांनी केले. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही पवनीने दिला. प्रत्येकावर स्वतंत्र लिहावे असे हे ऐवज आहेत. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की भगदत्ताच्या पट्टावर पाउले आहेत, देह नाही, आणि मुचलिंदाच्या खांबावर आसन आहे, देह नाही. काळ वेगळा, हेतू वेगळा, पण दोन्ही दगड एकाच गावचे. ते शेजारी शेजारी ठेवले तर पाहणाऱ्याला किती सुचेल!

आणि एक संदर्भ असा की तो टाळून या नागाकडे पाहणे विदर्भात कोणालाही शक्य नाही. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते त्यात हरले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडले याचा खुलासा केला. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला आणि त्यांची वस्ती या भागात होती, हे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा जगन्नाथ टेकडीला कुदळ लागली नव्हती. मुचलिंद मातीखाली होता, आणि पाच निकाय जाणणाऱ्या नाग नावाच्या माणसाचा लेखही. तेरा वर्षांनी दोन्ही वर आले. नाग हा शब्द कथेतल्या सर्पासाठी आला आहे की माणसांच्या कुळासाठी, यावर इतिहासकारांनी वाद घालावेत. पण दीक्षा घेतलेल्या घरातला माणूस दिल्लीतल्या त्या दालनात या खांबापुढे उभा राहतो, तेव्हा नाग बुद्धांचे रक्षण करतो आहे हे दृश्य त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. रिकाम्या आसनाकडे पाहून तो हात जोडतो. कलेच्या अभ्यासकाने त्या जोडलेल्या हातांकडेही लक्ष द्यावे. खांबाचा जो मूळ पाहणारा होता, प्रदक्षिणेच्या वाटेवरचा, त्याच्या सगळ्यात जवळचा आजचा पाहणारा हाच आहे. पवनीजवळ रुयाड-सिंदपुरीला महासमाधीभूमीचा नवा महास्तूप उभा आहे, आणि तिथे जमणारी माणसे आजही स्तूपाला उजव्या हाताला ठेवूनच चालतात.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती अवघड नाही. पवनीत एक दालन असावे, त्यात मूळ वस्तू नसल्या तरी चालतील. मुचलिंदाच्या खांबाचा, दानलेख असलेल्या खांबांचा आणि सूचींचा हुबेहूब साचा काढून घ्यावा. पण ते साचे भिंतीला टेकवून एका ओळीत मांडू नयेत. जमिनीवर चाळीस मीटरांच्या वर्तुळाचा निदान एक चतुर्थांश भाग आखावा, त्यावर खांब त्यांच्या अंतराने उभे करावेत, खाचांत सूची बसवाव्यात, वर उष्णीष ठेवावे. आत फरसबंद वाट सोडावी आणि पाहणाऱ्याने त्या वाटेने चालावे. लेखांवर तिरका उजेड पडेल अशी खिडकी ठेवावी. शेजारी ब्राह्मी वर्णमालेचा मोठा तक्ता, म्हणजे पोरे स्वतः अक्षरे लावून वाचतील. विसमितेच्या दगडापाशी तिच्या लेखाचा मराठी अर्थ ठळक अक्षरांत द्यावा. आणि शाळेची सहल नागपूरला अजब बंगल्यात नेण्यापूर्वी ती आधी जगन्नाथ टेकडीवर न्यावी, पावसाळा सरल्यावर, धान पोटरीत असताना. त्या दिवसांत टेकडीच्या आजूबाजूच्या धुऱ्यांवर शिक्षकांना नाग दाखवण्यासाठी फार हिंडावे लागणार नाही, फक्त पोरांना अंतर राखून उभे करावे.